गेममधल्या पात्राला वळण कसे लावायचे?

खोपोलीच्या शिळफाट्यावर रस्ता ओलांडणारे पात्र व्हिडिओ गेममध्ये हवे आहे, असे समजा. 'थांब', 'बघ', 'चाल' अशा अवस्था लिहिल्या की काम भागते. पण हॉर्न, पाऊस, कुत्रा असे प्रसंग वाढले, की अवस्थांच्या जोडण्यांचा गुंता होतो. २००४च्या 'हेलो २'मुळे 'वर्तनवृक्ष' ही पद्धत गाजली. त्यात महत्त्वाची फांदी आधी तपासायची, नव्या प्रसंगाला नवी फांदी जोडायची. पुण्यात घडलेला 'राजी' (२०२०) ज्या अनरिअल इंजिनवर बनला, त्यात असा वृक्ष चित्रासारखा मांडता येतो.

तो सोपा आहे का, हे मात्र प्रोग्रामरने ठरवू नये. कोड न येणाऱ्या कथाकाराला एकच बदल दोन्ही पद्धतींनी करायला द्यावा. वेळ आणि चुका मोजाव्यात. दर बदलाला त्याला प्रोग्रामरची वाट पाहावी लागली, तर पद्धत नापास.