‘मी कोरियाला जाईन’ : आयसेनहॉवर यांचें डेट्रॉइट येथील भाषण आणि लोकमत

परराष्ट्रीय धोरणावरील भाषण म्हटलें कीं सामान्य श्रोत्याला जांभई येऊं लागते. तह, करार, सरहद्दी आणि दूरच्या देशांचीं अपरिचित नांवें, यांचा आपल्या संसाराशीं संबंध काय, असें त्याला वाटतें. निवडणुकीच्या धामधुमींत तर धान्याचे भाव, कर आणि नोकऱ्या हेच विषय मतदाराला जवळचे. परंतु एखादे वेळीं परदेशांतील प्रश्न घरांतल्या रिकाम्या खाटेच्या रूपानें उंबरठ्याच्या आंत येऊन बसलेला असतो. आणि मग त्याविषयींचें एकच वाक्य सबंध देश कान टवकारून ऐकतो. अमेरिकेंत १९५२ सालीं असें झालें. त्या वर्षीच्या २४ ऑक्टोबर रोजीं रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जनरल ड्वाइट आयसेनहॉवर यांनीं डेट्रॉइट शहरांत एक भाषण केलें. त्यांतील ‘मी कोरियाला जाईन’ या वाक्यानें काय घडविलें, आणि काय घडविलें नाहीं, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

प्रथम त्या वेळची परिस्थिति ध्यानांत घ्यावी. २५ जून १९५० रोजीं उत्तर कोरियाच्या फौजा ३८ वें अक्षवृत्त ओलांडून दक्षिणेंत घुसल्या. संयुक्त राष्ट्रांच्या निशाणाखालीं अमेरिकन सैन्य दक्षिणेच्या मदतीस गेलें. तें चीनच्या सरहद्दीच्या रोखानें सरकूं लागतांच वर्षअखेरीस चीनही युद्धांत उतरला. पुढें १९५१ च्या जुलै महिन्यांत युद्धतहकुबीचीं बोलणीं सुरू झालीं, आणि अमेरिकेंतील घराघरांतून वाटूं लागलें कीं आतां मुलें परत येणार. तीं आलीं नाहींत. बोलणीं चालू होतीं आणि लढाईही चालू होती. नकाशावर नखाएवढ्या दिसणाऱ्या टेकड्या एका पक्षानें घ्याव्या, दुसऱ्यानें परत घ्याव्या, आणि प्रत्येक वेळीं मृतांची नवी यादी वर्तमानपत्रांत छापून यावी, असा क्रम वर्षभर चालला.

गाडें अडलें होतें तें मुख्यतः युद्धकैद्यांच्या प्रश्नावर. १९४९ च्या जिनीव्हा करारानुसार युद्ध संपतांच कैद्यांना मायदेशीं पाठविणें हा साधा नियम. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यांतील हजारों चिनी व उत्तर कोरियन कैदी परत जाण्यास तयार नव्हते. त्यांना बळजबरीनें पाठवावयाचें नाहीं, असा ट्रूमन सरकारचा आग्रह. सर्वांस परत दिलेंच पाहिजे, असा पेकिंगचा आणि उत्तर कोरियाचा हट्ट. अखेर ८ ऑक्टोबर १९५२ रोजीं पानमुनजोम येथील बोलणीं बेमुदत स्थगित झालीं. आयसेनहॉवर डेट्रॉइटच्या व्यासपीठावर उभे राहिले तेव्हां या गोष्टीला पुरते तीन आठवडेही झाले नव्हते, आणि मतदानाला अकराच दिवस उरले होते.

तोंपर्यंत कोरियासंबंधीं त्यांचें बोलणें काहींसें डळमळीत होतें. युद्धांत उतरणें योग्यच होतें असें ते म्हणत, आणि ज्या सरकारनें तो निर्णय घेतला त्यालाच ते दोष देत. त्यांच्या पक्षांतील एका गटाला मॅकआर्थर यांच्या पद्धतीचा निर्णायक विजय हवा होता. दुसऱ्या गटाला युद्ध वाढण्याचीच भीति वाटत होती. ऑक्टोबरच्या आरंभीं इलिनॉय राज्यांतील एका सभेंत ते म्हणाले होते कीं, तेथें युद्ध व्हावयाचेंच असेल तर तें आशियाई लोकांनीं आशियाई लोकांशीं करावें, आपण स्वातंत्र्याच्या बाजूस पाठिंबा द्यावा. अमेरिकन आईबापांना हें वाक्य दिलासा देणारें वाटलें असेल. आशियांतल्या माणसाच्या कानाला मात्र तें बोचल्यावांचून राहत नाहीं.

डेट्रॉइटचें भाषण लिहिलें तें एमेट जॉन ह्यूज या तरुण लेखकानें. हा गृहस्थ ‘लाइफ’ या प्रसिद्ध सचित्र साप्ताहिकाच्या संपादकवर्गांतून प्रचारकार्यासाठीं आला होता. ही गोष्ट लहान दिसते, पण ती विसरूं नये. वाक्य मथळ्यांत कसें बसेल, हें ज्याला रोजच्या धंद्यानें कळतें, अशा माणसानें तें घडविलें होतें. भाषणाचा बराचसा भाग आरोपपत्रासारखा होता. सैन्य काढून घेतल्यास धोका आहे, या इशाऱ्यांकडे सरकारनें दुर्लक्ष केलें. परराष्ट्रमंत्री डीन ॲचेसन यांनीं जानेवारी १९५० मध्यें अमेरिकेच्या संरक्षणरेषेचें वर्णन करतांना कोरियाला तिच्याबाहेर ठेवलें. असा तो पाढा होता. दक्षिण कोरियाचें सैन्य अधिक सज्ज करावें, अशीही एक सूचना होती. आणि शेवटीं तें वाक्य आलें. नवें सरकार राजकारणाचे इतर व्याप बाजूस सारून हें युद्ध सन्मानानें संपविण्याच्या कामास लागेल; त्यासाठीं स्वतः जाऊन पाहणें अवश्य आहे; मी कोरियाला जाईन.

दुसऱ्या दिवशीं आरोपपत्र कोणाच्या लक्षांत राहिलें नाहीं. मथळ्यांत आलें तें हें एकच वाक्य. असोसिएटेड प्रेसचे राजकीय वार्ताहर जॅक बेल यांनीं तर, व्यवहारतः निवडणूक त्याच रात्रीं संपली, असें मत दिल्याचें नमूद आहे. अमेरिकेंतील बहुसंख्य दैनिकें आयसेनहॉवर यांच्याच बाजूचीं होतीं, हें येथें सांगितलें पाहिजे. त्यांचे प्रतिस्पर्धी, इलिनॉयचे गव्हर्नर ॲडलाय स्टीव्हन्सन यांनीं सप्टेंबरमध्येंच अशी तक्रार केली होती कीं, देशांत पक्ष दोन आहेत, पण वृत्तपत्रें एकाच पक्षाचीं आहेत. तेव्हां अग्रलेखांतून झालेल्या स्तुतीला फारसें महत्त्व देण्याचें कारण नाहीं. परंतु हीं पत्रें त्यांच्या इतर भाषणांचेंही कौतुक करीतच होतीं, आणि तीं भाषणें आज कोणाला आठवत नाहींत. या एका वाक्यानें लोकांच्या मनाची पकड घेतली, ती संपादकांच्या कृपेनें नव्हे.

मग कशानें? शब्द तपासून पाहिले तर त्यांत धोरण म्हणून कांहींच नाहीं. जाऊन काय करणार, हें वक्त्यानें सांगितलें नाहीं. कैद्यांच्या प्रश्नाची उकल त्यांत नव्हती. युद्ध वाढविणार कीं आवरतें घेणार, याचाही खुलासा नव्हता. माझ्या मतें हीच त्या वाक्याची शक्ति होती. ज्याला विजय हवा होता त्यानें असें ऐकलें कीं जनरल स्वतः जाऊन घाव घालणार. ज्या आईला मुलगा घरीं हवा होता तिनें असें ऐकलें कीं हा माणूस त्याला घेऊन येणार. वक्त्यानें जागा मोकळी ठेविली आणि ती श्रोत्यांनीं आपापल्या इच्छेनें भरली. अर्थात् ही युक्ति कोणालाही साधली नसती. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविणारा सेनापति ‘जाऊन पाहतों’ असें म्हणतो तेव्हां, पाहून त्याला कांहीं कळेल, असा विश्वास लोकांना वाटतो. त्यांचा स्वतःचा मुलगा जॉन हा त्या वेळीं कोरियांतच लष्करी नोकरीवर होता, हेंही लोकांना ठाऊक होतें. स्टीव्हन्सन यांच्याही मनांत निवडून आल्यास कोरियाला जाण्याचें होतें, परंतु तें आधीं जाहीर करणें त्यांना प्रशस्त वाटलें नाहीं, असें त्यांच्या चरित्रांतून आढळतें. त्यांनीं तें जाहीर केलें असतें तरी, एका विद्वान वकिलाचा प्रवास यापलीकडे त्यास कोणी किंमत दिली असती, असें वाटत नाहीं.

प्रतिपक्षानें उत्तरें दिलीं, तीं तर्काला धरून होतीं. ट्रूमन यांनीं विचारलें कीं, युद्ध संपविण्याचा उपाय जनरलना ठाऊक असेल तर तो आजच सांगून माणसांचे प्राण कां वांचवीत नाहींत? स्टीव्हन्सन म्हणाले कीं या दुखण्याचें मूळ कोरियांत नाहीं, मॉस्कोंत आहे. कोरियाला लष्करी दृष्ट्या फारसें महत्त्व नाहीं, असा अभिप्राय सप्टेंबर १९४७ मध्यें ज्या सेनाप्रमुखांनीं दिला त्यांत आयसेनहॉवर स्वतः होते, ही आठवणही डेमोक्रॅटिक वक्त्यांनीं करून दिली. हा शेवटचा मुद्दा तर फार अडचणीचा होता. तरीही एकाचाही परिणाम झाला नाहीं. उलट प्रत्येक उत्तराबरोबर तें वाक्य पुन्हां उच्चारलें जाई, पुन्हां छापलें जाई. कंटाळलेला आजारी मनुष्य नवा वैद्य येणार म्हणून उठून बसतो, तेव्हां जुन्या वैद्यानें औषधाची चिकित्सा करून दाखविण्यांत अर्थ नसतो.

४ नोव्हेंबर रोजीं मतदान झालें. आयसेनहॉवर यांना सुमारे ३ कोटी ४० लक्ष मतें पडलीं, स्टीव्हन्सन यांना सुमारे २ कोटी ७३ लक्ष. निर्वाचक मंडळांतील प्रमाण ४४२ विरुद्ध ८९ असें होतें. एका वाक्यानें निवडणूक जिंकली, असें सरसकट म्हटलें जातें; तें मला पटत नाहीं. आयसेनहॉवर आधीपासूनच पुढें होते, वीस वर्षांच्या डेमोक्रॅटिक कारभाराला लोक विटले होते, आणि ‘कोरिया, कम्युनिझम व करप्शन’ असें त्रिसूत्र रिपब्लिकन प्रचारकांनीं केव्हांच रूढ केलें होतें. त्या वाक्यानें केलें तें इतकेंच कीं, शेवटच्या पंधरवड्यांत दुसरा कोणताही विषय पुढें येऊं दिला नाहीं.

निकालानंतर ट्रूमन यांनीं विजयी उमेदवाराला तार केली, तिच्यांत ‘अद्यापही आपणांस कोरियाला जाण्याची इच्छा असल्यास’ सरकारी विमान आपल्या सेवेस हजर आहे, असा मजकूर होता. त्यांतला ‘अद्यापही’ हा शब्द आयसेनहॉवर यांना चांगलाच झोंबला. २९ नोव्हेंबरच्या पहांटे ते न्यूयॉर्कमधून गुपचूप निघाले. त्यांच्या घरीं अमुक अमुक पाहुणे भेटीस येणार, अशा बातम्या इकडे मुद्दाम प्रसिद्ध होत राहिल्या, आणि ते युद्धभूमीवरून निघेपर्यंत ज्यांना खरी हकीकत माहीत होती त्या वार्ताहरांनींही मौन पाळलें. जें वाक्य ढोल वाजवून उच्चारलें गेलें, त्याची पूर्तता अशी चोरपावलांनीं व्हावी, यांत एक गंमत आहे; पण शत्रूच्या विमानांचें भय खरें होतें. २ ते ५ डिसेंबर ते कोरियांत होते. जनरल मार्क क्लार्क यांनीं मोठ्या चढाईची योजना तयार ठेविली होती; ती मांडण्याची संधिच त्यांना मिळाली नाहीं. गोठलेल्या डोंगरांकडे पाहून आयसेनहॉवर यांनीं मनाशीं ठरविलें कीं लहान टेकड्यांवरच्या लहान हल्ल्यांनीं हें युद्ध संपणार नाहीं. ट्रूमन यांनीं तिकडे या दौऱ्याला सवंग लोकानुनय असें नांव दिलें.

नेमक्या त्याच दिवसांत, ३ डिसेंबर रोजीं, न्यूयॉर्कमध्यें संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनें कैद्यांसंबंधींचा हिंदुस्थानचा ठराव मोठ्या बहुमतानें संमत केला. कृष्ण मेनन यांनीं खपून तयार केलेल्या या ठरावाचें सार असें कीं, परत जाऊं न इच्छिणारे कैदी तटस्थ राष्ट्रांच्या मंडळाकडे सोंपवावे. रशिया आणि चीन यांनीं तो तत्काळ झिडकारला. त्याला मथळे फारसे लाभले नाहींत. सर्वांचें लक्ष दौऱ्याकडे होतें. परंतु ५ मार्च १९५३ रोजीं स्टॅलिन मरण पावले, मॉस्को व पेकिंग यांची भाषा मवाळ झाली, आणि २७ जुलै रोजीं जी युद्धतहकुबी सहीशिक्क्यानिशीं झाली तिच्यांतील कैद्यांचीं कलमें बव्हंशीं याच ठरावाच्या वळणाचीं होतीं. अमेरिकन सरकारनें अण्वस्त्रांच्या ज्या धमक्या दिल्याचें सांगितलें जातें, त्यांचा वांटा किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. तहकुबी होईपर्यंत सुमारे ३६,५०० अमेरिकन सैनिक मेले होते. कोरियन आणि चिनी मृतांची मोजदाद लक्षांत करावी लागते.

तटस्थ मंडळाचे अध्यक्ष जनरल थिमय्या झाले, आणि कैद्यांवर पहारा करणाऱ्या भारतीय दलाचें नेतृत्व आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्याकडे आलें. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनीं भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल टाकूं देण्याचें नाकारलें. म्हणून त्यांना बंदरावरच्या जहाजांतून हेलिकॉप्टरनें उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यांत उतरवावें लागलें. तेथें तारेच्या कुंपणांत २२ हजारांहून अधिक कैदी होते. त्यांच्यापुढें बसून, मायदेशीं परत चला, असें समजावण्यासाठीं चीन व उत्तर कोरिया यांचे प्रतिनिधि ९० दिवस मोकळे होते. बहुतेक कैद्यांनीं तें बोलणें ऐकावयासही नकार दिला, आणि ज्यांनीं ऐकलें त्यांपैकीं फार थोड्यांचें मन वळलें. २० जानेवारी १९५४ रोजीं थोरातांच्या जवानांनीं कुंपणाचे दरवाजे उघडले आणि उरलेले कैदी संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडे चालत गेले.