जूनमध्ये ठरवलेला गहू



सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याने निघाले की थोड्याच अंतरावर कुंभारी लागते. तिथल्या एका पारधी कुटुंबाची अडीच एकर काळी जमीन आहे. पावसाळ्यात उडीद घ्यायचा, सप्टेंबरात तो काढायचा आणि त्याच रानात विहिरीच्या पाण्यावर गहू पेरायचा, असा त्यांचा क्रम. २०२३ च्या जूनमध्येच मी त्यांना गव्हाच्या बियाण्यासाठी मदत कबूल केली. ती माझी चूक होती. का, ते सांगतो.

उडीद ७० ते ७५ दिवसांचे पीक. त्याच्या शेंगा ऑगस्टात भरतात. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. शेंगा अर्ध्याच भरल्या.

याचे एक मोठे कारण फार दूर होते. प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी काही वर्षांनी नेहमीपेक्षा जास्त तापते. पेरूच्या कोळ्यांना हे ऊबदार पाणी नाताळाच्या सुमारास जाणवे, म्हणून त्यांनी त्याला ‘एल निनो’, म्हणजे बाळ येशू, असे नाव दिले. अशा वर्षी आपला मान्सून बहुधा दुबळा पडतो. तेच पाणी थंडावले की ‘ला निना’. तेव्हा पाऊस बहुधा चांगला होतो. मात्र योसेफाच्या सात वर्षांसारखे हे चक्र मोजून येत नाही. दोन ते सात वर्षांत ते केव्हाही फिरते. शिवाय १९९७ मध्ये एल निनो जबर असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. त्या वर्षी हिंदी महासागराची पश्चिम बाजू तापली होती, त्याने मान्सून सावरला असे मानतात.

जास्त पाऊसही गव्हाला सोयीचा असतोच असे नाही. ला निनाच्या २०२० साली ऑक्टोबरच्या मध्यास सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी होऊन पूर आले. अशा वेळी काळ्या रानात वाफसा लवकर येत नाही आणि पेरणी लांबते. गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरला तर बरा. उशीर झाला की दाणा भरताना फेब्रुवारी-मार्चचे ऊन लागते आणि दाणा बारीक राहतो.

म्हणजे दोन पिके घेतली तरी पाऊस एकच असतो. उडदाला पुरून जे पाणी जमिनीत आणि विहिरीत उरते, त्यावर रब्बी उभी राहते. उडदाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र रानाला देतात. पाणी मात्र देत नाहीत. आमच्याकडे गव्हाला साधारण पाच-सहा पाळ्या लागतात, त्यातली पहिली पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांत. हरभऱ्याचे एक-दोन पाण्यांवर भागते. खोल काळ्या जमिनीत ज्वारी नुसत्या ओलीवरही येते.

त्या ऑक्टोबरात विहिरीत जेमतेम दोन पाळ्यांचे पाणी होते. हरभरा सहज निघाला असता. पण पैसे गव्हाचे म्हणून दिलेले. घेतलेला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी गहूच पेरला. जानेवारीत विहीर आटली. ओंब्या निसवल्या, पण दाणा भरला नाही. शेवटी गहू कापून शेळ्यांना घातला. घरातल्या बाई मला एवढेच म्हणाल्या, “दादा, हिरीला इचारून पेरायचं असतंय.”

तेव्हापासून मी जूनमध्ये रब्बीच्या पिकाचे नाव घेत नाही. हवामान खात्याचा मान्सूनचा अंदाज एप्रिलमध्ये आणि पुन्हा मे महिन्याच्या अखेरीस येतो. तो आम्ही शेतकऱ्यांना वाचून दाखवतो, म्हणजे वर्ष कोणत्या बाजूला झुकते आहे ते कळते. पण ‘गहू की हरभरा’ हे ऑक्टोबरात, दोर सोडून विहिरीचे पाणी मोजल्यावरच ठरते. पाणी मधलेच असेल आणि गहू हवाच असेल, तर निफाडच्या संशोधन केंद्राचे ‘नेत्रावती’ हे कमी पाण्यावर येणारे वाण सुचवतो.

आपण पाठवलेल्या मदतीच्या वहीत आता ‘रब्बी बियाणे’ एवढेच लिहितो. पुढची जागा ऑक्टोबरपर्यंत कोरी असते, आणि ती भरतात ते त्या घरचे लोक.