मुरघासातील अनोळखी प्रजाती

बंगळूरच्या आडुगोडी भागात, जेथे १९२७ साली महात्मा गांधींनी तत्कालीन सरकारी पशुसंवर्धन व दुग्धशाळा संस्थेत पंधरवडाभर राहून गोपालनाचे शिक्षण घेतले, त्याच परिसरात १९९५ पासून राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्था गुरांच्या आहाराचे संशोधन करीत आहे. या आहारातील मुरघास म्हणजे मका चिकात असताना कापून, त्याची कुट्टी खड्ड्यात दाबून, हवाबंद करून मुरविलेली वैरण. आतील दुग्धाम्ल जंतू साखरेचे आम्ल करतात आणि त्या आम्लानेच वैरण कुजण्यापासून वाचते. आम्लाने चारा टिकविण्याच्या पद्धतीबद्दल फिनलंडच्या विर्तानेन यांना १९४५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गुरांच्या वतीने कोणी आभार मानले की नाही, याची दप्तरी नोंद नाही.

या वैरणीत जंतूची नवी प्रजाती सापडते कशी, याचे उत्तम उदाहरण नेदरलंडमधले आहे. लॅक्टोबॅसिलस बुखनेरी हा जंतू दुग्धाम्लापासून असेटिक आम्ल व प्रोपेनडायॉल बनवितो, हे ठाऊक झाले होते. परंतु तो मिसळलेल्या मक्याच्या मुरघासात जे प्रोपेनडायॉल शिल्लक असावयास हवे ते नाहीसे होऊन त्याच्या जागी प्रोपिऑनिक आम्ल व प्रोपेनॉल दिसू लागले, तेव्हा जमाखर्चात रक्कम गहाळ झालेली पाहून कारकुनाने वहीचे पान न् पान तपासावे, तसा संशोधकांनी शोध घेतला आणि ते द्रव्य फस्त करणारा एक अज्ञात जंतू वेगळा केला. २००२ साली तो लॅक्टोबॅसिलस डायॉलिव्होरान्स या नावाने जाहीर झाला.

जंतू नवा आहे हे सूक्ष्मदर्शकातून ठरत नाही. तेथे बहुतेक सगळे काडीसारखेच दिसतात. म्हणून आज प्रथम त्याच्या १६एस या सुमारे दीड हजार अक्षरी जनुकाची ज्ञात प्रजातींशी तुलना होते. साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी भरले तर संशय बळावतो. त्याहून अधिक असल्यास संपूर्ण जनुकसंच ताडून पाहावा लागतो, आणि तेथील साम्य ९५-९६ टक्क्यांच्या खाली उतरल्यास नवेपणाचा दावा टिकतो. शिवाय तो जंतू कोणती शर्करा खातो, किती उष्णता सोसतो, याची कैफियत जोडावी लागते. त्याहून कडक अट अशी की, जिवंत नमुना निरनिराळ्या दोन देशांतील संग्रहांत जमा केल्याखेरीज नावास मान्यता नाही. बंगळूरच्या संशोधकास त्यासाठी आपल्या देशात पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संपदा केंद्राची सोय आहे.

इतके सोपस्कार होऊनही नाव कायमचे नसते. २०२० साली लॅक्टोबॅसिलस ही अनेक प्रजातींची अवाढव्य जात मोडून तिच्या पंचवीस जाती करण्यात आल्या, आणि उपर्युक्त जंतू लेंटिलॅक्टोबॅसिलस झाला. जपानच्या होक्काइडो बेटावरील मुरघासात सापडलेला, चार अंशांच्या थंडीतही वाढणारा जंतूही त्याच फेरवाटणीत पॉसिलॅक्टोबॅसिलस झाला. थंड मुलखातील खड्ड्यांची अशी कसून झडती झाली, तशी दख्खनच्या उन्हात मुरणाऱ्या मक्याचीही व्हावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते; कारण होक्काइडोच्या थंडीला सरावलेल्या जंतूवर कोलार-तुमकूरच्या शेतकऱ्याने आपल्या वैरणीसाठी विसंबून राहावे, हे काही सयुक्तिक नव्हे.