बांबूची मालकी आणि किल्ली

चंद्रपूर जिल्ह्यांतील पोंभुर्णा परिसरांत घराच्या कुडापासून धान्य पाखडण्याच्या सुपापर्यंत सर्वत्र बांबूच दिसतो. वनस्पतिशास्त्र त्यास गवत म्हणतें. परंतु १९२७ च्या भारतीय वन कायद्यानें त्याची गणना झाडांत केली, ती थेट २०१७ पर्यंत टिकली. परिणामीं रानाशेजारीं पिढ्यान्‌पिढ्या राहणारा आदिवासीही विनापरवाना बांबू तोडल्यास अपराधी ठरे.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबूस गौण वनोपज ठरवून त्याची मालकी वनवासी गांवांस दिली. गडचिरोलींतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ मध्यें सुमारें १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. पण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हातीं राहिला! सुनेचें स्त्रीधन कायद्यानें तिचें, पण किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, तशांतलाच हा प्रकार. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झालें, तेव्हां कोठें हक्कास बाजाराची वाट सांपडली. पुढें २०१२ मध्यें पोंभुर्ण्याशेजारच्या गोंडपिपरी तालुक्यांतील पाचगांवासही सामूहिक हक्क मिळाला.

या कायद्यानें मिळालेला हक्क वारसांकडे जातो, पण तो विकतां येत नाहीं. ही तरतूद योग्यच. तिच्यावांचून जमीन सावकाराच्या घशांत जाण्यास कितीसा वेळ लागणार? परंतु जेथें जमीन विकावयाची नाहीं, तेथें पोट वनोपजावरच भरणार. म्हणून मालकीबरोबर किल्लीही दिली पाहिजे. एरवीं कायद्याचें दान कागदावरच राहतें.