दोष पंपाचा की पाण्याचा?

ब्रिटनमध्ये उन्हाळाभर बंद असलेलं घरातलं हीटिंग साधारण ऑक्टोबरात पुन्हा सुरू होतं आणि प्लंबर मंडळींची धावपळही त्याच सुमारास वाढते. तक्रार बहुतेक एकच असते : बॉयलर पेटतोय, पण रेडिएटर गारच. त्यावरचा इलाजही ठरल्यासारखा सांगितला जातो : पंप गेला, नवा बसवा. पुष्कळदा ते खरंही असतं. पण पंप खरोखरच गेलाय का, आणि गेला असेल तर कशामुळे, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय नवा पंप बसवला, तर तेच दुखणं दोन-तीन हिवाळ्यांत परत येण्याचा धोका राहतो. पंप हा बहुधा बिघाडाचा शेवट असतो. सुरुवात त्यातून फिरणाऱ्या पाण्यात झालेली असते.

हे पटायला आधी हा पंप करतो काय ते पाहू. आपल्याकडे पंप म्हटला की विहिरीचं पाणी शेताला देणारा किंवा सोसायटीच्या तळटाकीतलं पाणी गच्चीवर चढवणारा पंप आठवतो. हीटिंगच्या पंपाकडे हे चढवण्याचं काम नसतंच. बॉयलर, तांब्याचे पाइप आणि रेडिएटर मिळून एक वर्तुळ बनतं आणि त्यात तेच ते पाणी वर्षानुवर्षं फिरत राहतं. जत्रेतल्या उंच पाळण्यात एक बाजू वर जाताना दुसरी खाली येते आणि वजनाला वजन तोललं जातं, तसंच इथं होतं. पंपाला मात करायची असते ती फक्त पाइपांतल्या घर्षणावर, म्हणून दुमजली घरालाही एका हातात मावेल एवढा पंप पुरतो. त्याची रचनाही वेगळी आहे. मोटरचा फिरणारा भाग, म्हणजे रोटर, त्याच पाण्यात बुडालेला असतो आणि विजेची वेटोळी एका पातळ धातूच्या भिंतीपलीकडे कोरडी राहतात. तेल नाही, ग्रीस नाही. बेअरिंगचं वंगण म्हणजे ते पाणीच. पाणी स्वच्छ असेल तर असा पंप वर्षानुवर्षं गुपचूप चालतो. पाण्यात गाळ झाला की वंगणाच्या जागी घासणारी पूड येते.

तपासणीची सुरुवात मात्र रेडिएटरपासून करावी, कारण त्याला हत्यारं लागत नाहीत. एखादाच रेडिएटर वरच्या बाजूला गार असेल तर आत हवा अडकली आहे. छोट्या चौकोनी चावीनं ती सोडली की काम झालं. तळाशी मधोमध गार असेल तर तिथं गाळ बसलाय. वरच्या मजल्यावरचे रेडिएटर तापतात आणि खालचे गार राहतात, तेव्हा पंपावर संशय घ्यायला जागा आहे, कारण गरम पाणी हलकं असल्यानं पंपाशिवायही थोडंफार वर चढतं. सगळेच गार असतील आणि बॉयलर झटकन तापून पुन्हा पुन्हा बंद पडत असेल, तर पाणी फिरत नाही एवढं नक्की. पण ते पंपामुळेच, असं अजूनही म्हणता येत नाही. थर्मोस्टॅट किंवा टायमर उष्णता मागतच नसेल, मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला असेल, बंद यंत्रणेतला दाब उतरला असेल (थंड असताना काटा साधारण १ ते १.५ बारवर असावा), किंवा पंपापर्यंत वीजच पोचत नसेल. यातली प्रत्येक शक्यता पंपापेक्षा स्वस्तात निकाली निघते.

एवढं झाल्यावर पंपाकडे वळावं. वीज पोचतेय, पंप नुसता घूं-घूं करतोय, पण पाणी हलत नाही, अशी अवस्था असेल तर शाफ्ट जाम झालेला असू शकतो किंवा जुन्या पंपातला कपॅसिटर गेलेला असू शकतो. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या मधोमध एक मोठा चकचकीत स्क्रू असतो. वीज तोडून, यंत्रणा थंड होऊ देऊन आणि खाली फडकं धरून तो काढला की थोडं पाणी झिरपतं आणि शाफ्टचं खाच असलेलं टोक दिसतं. त्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच फिरवल्यावर आधी अडणारा शाफ्ट मोकळा झाला, तर पंप मेलेला नव्हता, उन्हाळाभर पडून आखडला होता. झिरपलेलं पाणीही पुसून टाकण्याआधी बघावं. ते काळं असेल तर त्यात मॅग्नेटाइट आहे. बाहेरून येणाऱ्या ऑक्सिजनमुळे रेडिएटरचं पोलाद आतून गंजतं आणि त्यातून ही काळी पूड तयार होते. असं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन बाहेरून लोहचुंबक लावला, तर पूड त्या बाजूला गोळा होते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कारागिराचा वेळ महाग, घरात लहान मुलं, म्हातारी माणसं आणि बाहेर गोठवणारी थंडी. तपासत बसण्यापेक्षा पंप बदलून मोकळं व्हावं. शिवाय नवा पंप वीज वाचवतो. युरोपीय संघानं २०१३ पासून आणि आणखी कडकपणे ऑगस्ट २०१५ पासून अशा पंपांच्या कार्यक्षमतेवर मर्यादा घातल्या, तेव्हा ब्रिटनही संघात होता. ६० वॅटचा जुना पंप रोज आठ तासांप्रमाणे २०० दिवस चालला तर ९६ युनिटं जळतात. सरासरी १५ वॅटवर चालणाऱ्या नव्याला २४ पुरतात. बचत खरी आहे. पण बिघाड व्हॉल्व्हमध्ये असेल तर नवा पंपही रेडिएटर तापवणार नाही आणि थंडी तशीच राहील. दुसरं असं की नव्या कार्यक्षम पंपांच्या रोटरमध्ये कायम चुंबक असतो, म्हणजे मॅग्नेटाइटची पूड तो स्वतःकडेच ओढतो. गढूळ पाण्यात नवा पंप जुन्यापेक्षा जास्त नाजूक ठरतो.

प्रत्यक्ष बदल त्या मानानं सोपा आहे. ब्रिटिश घरांत स्वतंत्रपणे बसवलेले बहुतेक पंप १३० मिलिमीटर लांबीचे असतात, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा बसतो. वीज तोडायची, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करायचे, मोठे नट सोडायचे आणि नवे वॉशर घालून नवा पंप बसवायचा. अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेनं आणि शाफ्ट आडवा हवा. शाफ्ट उभा राहिला तर बेअरिंग लवकर झिजतं. गती गरजेपुरतीच ठेवावी. माळ्यावर उघडी टाकी असलेल्या जुन्या यंत्रणेत पंप नको तितका जोरात चालवला, तर पाणी टाकीत उसळून हवा सोबत आणू शकतं आणि गंज वाढतो. पंप बॉयलरच्या पेटीतच असेल, तर मात्र हात लावू नये. गॅस बॉयलरची सीलबंद पेटी चुकीची उघडली तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. ते काम गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव असलेल्या कारागिराचंच.

राहता राहिला शेवटचा आक्षेप : जुनी यंत्रणा जोरानं धुतली तर गाळानं बुजलेली भोकं उघडी पडून रेडिएटर गळू लागतात. हे घडू शकतं. पण गाळाच्या आधारावर टिकलेला रेडिएटर तसाही फार दिवसांचा सोबती नसतो आणि धुण्याचा सौम्य मार्गही आहे : सफाईचं रसायन काही दिवस फिरू द्यायचं, सगळं पाणी काढून टाकायचं, ताज्या पाण्यात गंजरोधक घालायचं आणि परतीच्या पाइपावर चुंबकीय फिल्टर बसवायचा. म्हणून पंप बदलायला आलेल्या कारागिराला काम सुरू होण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : जुना पंप गेलाय हे कशावरून ठरवलं, आणि नव्या पंपातून कुठलं पाणी फिरणार आहे. पहिल्याला धड उत्तर मिळालं नाही तर पंप बदलायची घाई करू नये. दुसऱ्याला मिळालं नाही तर पाण्याची सफाई त्याच कामात धरायला सांगावी.