काळ्या लोकरीला रंग कशाला?

अंबड तालुक्यातील अंकुशनगर म्हटले की ऊस आणि साखर कारखाना आठवतो; लोकरीचा भाव कोणी विचारीत नाही. वास्तविक मराठवाड्यातील धनगर बांधवांकडील दख्खनी मेंढीची लोकर हा कामाचा माल आहे. एका मेंढीमागे वर्षाला किलोभरही निघत नाही. तंतू आखूड व राठ. म्हणून ती मेरिनोसारखी फणीने विंचरत नाहीत, पिंजतात. पिंजारी बंधू कापसाला लावतात तेच पिंजण येथेही चालते. पुढे चरखा, माग, चिंचोक्याची खळ, की घोंगडी तयार.

हल्ली काही गिऱ्हाइके वनस्पतींच्या रंगाचा माल मागतात. काळ्या लोकरीवर रंग दिसत नाही आणि तिला त्याची गरजही नाही. रंगवायची ती पांढरी. आधी धुऊन चरबी काढावी, तुरटीच्या पाण्यात हळूहळू तापवावी, मग मंजिष्ठाने लाल किंवा हळदीने पिवळी करावी. ढवळाढवळ केली तर लोकरीचा नमदा होतो. हळद उन्हात उडते. ती पक्का रंग म्हणून विकणे ही सरळ बेइमानी.

मेंढपाळाने कातरतानाच काळी-पांढरी वेगवेगळ्या पोत्यांत भरली, तर व्यापारी पांढरीला वेगळा भाव देऊ शकतो. मिसळलेला माल मातीमोल जातो.