पट्टा सोडा, सर

गुडघ्याच्या ऑपरेशनला मांडीवर हवेचा पट्टा बांधतात. तो फुगला की पायाकडे जाणारं रक्त थांबतं. म्हणून अँटिबायोटिक त्याआधीच शिरेतून गेलेलं हवं. रक्त पोचत नाही तिथे औषध कसं पोचणार? एका सकाळी गडबडीत पट्टा आधी फुगला आणि सेफाझोलिनची कुपी माझ्या हातातच राहिली. सर्जन हात धुऊन, गाऊन चढवून तयार. मी म्हटलं, "सर, पट्टा सोडा. औषध जाऊ दे." ते थांबले. भूलतज्ज्ञाला असा सर्जन मिळणं भाग्याचं.

कुपीत स्टराइल वॉटर सोडलं, ती हलवली, फेस बसून पाणी नितळ झाल्यावर औषध सावकाश शिरेत दिलं. आता वाट पाहायची. शेजारच्या रेसिडेंटला मी विचारलं, "ही पावडर मुळात कुठून आली माहीत आहे? सांडपाण्यातून."

१९४५ साल. सार्डिनिया बेटावरचं काल्यारी शहर. गावात टायफॉइड, सांडपाणी थेट समुद्रात. तरी ते पाणी आपोआप स्वच्छ होतं, हे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक जुझेप्पे ब्रोत्सू यांनी हेरलं. पाण्यातलंच काहीतरी जंतूंना मारत असावं, हा त्यांचा तर्क. सांडपाणी समुद्रात पडतं तिथेच त्यांना एक बुरशी सापडली. साधनं तुटपुंजी, पण तिचा कच्चा अर्क त्यांनी रुग्णांना देऊन पाहिला आणि १९४८ मध्ये स्थानिक पत्रिकेत लेख छापला. बाहेर तो फारसा कुणाच्या नजरेस पडला नाही. एका ब्रिटिश डॉक्टरच्या ओळखीने बुरशी ऑक्सफर्डला पोचली, म्हणून पुढचं घडलं.

मला भिडतं ते हे पुढचंच. तिथले संशोधक एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन त्या बुरशीतून निघालेल्या पेनिसिलिनच्या एका प्रकारावर काम करत होते. १९५३ मध्ये त्याच्यासोबत आणखी एक पदार्थ चिकटून आलेला दिसला. ताकद बेताची, कुणी टाकूनही दिला असता. पण स्टॅफिलोकॉकस या जंतूचं जे एन्झाइम पेनिसिलिन मोडून टाकतं, त्याला हा दाद देईना. तोच सेफॅलोस्पोरिन सी. त्याचा गाभा घेऊन, त्यावर नवनवे रासायनिक गट जोडत सेफाझोलिनपर्यंत मजल गेली. पेटंटमधून आलेल्या पैशांतला मोठा वाटा अब्राहम यांनी संशोधन आणि शिक्षणासाठी ट्रस्टांकडे वळवला.

रेसिडेंटचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं, आणि तिथेच असायला हवं होतं.

"मॅडम, दहा मिनिटं झाली."

सर्जननी मान हलवली. सिस्टरने पट्टा पुन्हा फुगवला.